देवालयाचा घाट आणि आपपरभाव

पेकिंग शहरांत, आज ज्यास बीजिंग म्हणतात तेथें, जुन्या राजवाड्याच्या पश्चिमेस एक ख्रिस्ती देऊळ उभें आहे. तेथील लोक त्यास 'बेईतांग' म्हणजे 'उत्तरेचें मंदिर' म्हणतात. समोरून पाहिलें तर फ्रान्समधील एखाद्या गांवचें कॅथीड्रल कोणीं अलगद उचलून येथें आणून ठेवलें असावें असा भास होतो. टोकदार कमानी, गोल गवाक्ष, आभाळांत घुसलेले निमुळते मनोरे, सर्व कांहीं गॉथिक पद्धतीचें. परंतु नजर थोडी खालीं आणली कीं निराळेंच दिसूं लागतें. देवळाचा चौथरा चिनी धर्तीचा असून त्यास चिनी कठडा आहे; आणि दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांस दोन चिनी मंडप आहेत, वळलेल्या पाख्यांचे आणि पिवळ्या कौलांचे. पिवळें कौल चीनमध्यें वाटेल त्यास घालतां येत नसे; तें बादशाही वास्तूचें चिन्ह. त्या मंडपांत राजाज्ञांचे शिलालेख आहेत. म्हणजे मधोमध परका, आणि त्याच्या दोहों बाजूंस राजाचे दोन द्वारपाल! ते त्याचा सन्मान करीत उभे आहेत कीं त्याच्यावर पाळत ठेवून आहेत, हें छायाचित्रावरून कळत नाहीं. आणि आम्हांस वाटतें, बांधणारांसहि तें नीटसें ठाऊक नसावें.

या देवळाच्या चित्रावरून आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो वास्तुशास्त्राचा नव्हे, नीतीचा आहे. आपला धर्म अखिल मानवजातीचा आहे असें म्हणणाऱ्यानें तो दुसऱ्याच्या देशांत नेतांना आपल्या गांवच्या दगडविटांचा आकारहि बरोबर न्यावा काय? नेला तर तो यजमानाचा अपमान होतो काय? आणि उलटपक्षीं, त्यानें यजमानाचाच आकार उचलून त्यांत आपला देव बसविला तर तो आदर म्हणावा कीं वेषांतर? सुशिक्षितांच्या बैठकींत या प्रश्नाचें उत्तर फार चटकन् मिळतें. परका घाट वाईट, देशी घाट चांगला. परका घाट म्हणजे साम्राज्यशाही, देशी घाट म्हणजे सहानुभूति. आम्हीहि पुष्कळ दिवस असेंच मानीत होतों. चीनमधील ख्रिस्ती देवळांचा इतिहास वाचूं लागल्यावर मात्र हें उत्तर आम्हांस पुरेनासें झालें.

ख्रिस्ती धर्म चीनमध्यें प्रथम गेला तो युरोपांतून नव्हेच. इ. स. ६३५ त सीरियाक भाषेंत उपासना करणारे पौर्वात्य ख्रिस्ती तांग राजांच्या राजधानींत पोंचले आणि तीनच वर्षांनीं त्यांस मठ बांधण्याची राजाज्ञा मिळाली. हें सर्व इ. स. ७८१ मध्यें कोरलेल्या एका प्रचंड शिलालेखांत लिहिलेलें आहे. ही शिला चिनी रिवाजाप्रमाणें कांसवाच्या पाठीवर उभी होती, आणि तिच्या माथ्यावरील क्रूस कमळांतून उगवलेला दाखविला आहे. याहून अधिक देशी रूप तें कोणतें? तरीहि ८४५ सालीं बादशहाची बौद्ध मठांवर वक्रदृष्टि झाली तेव्हां त्याच तडाख्यांत हे ख्रिस्ती मठहि बंद पडले. कमळानें त्यांस वांचविलें नाहीं. यजमानासारखें दिसणें म्हणजे यजमानाच्या घरांत मूळ धरणें नव्हे, हा पहिला धडा तेथेंच मिळतो.

पुढें सुमारें साडेसातशें वर्षांनीं मत्तेओ रिच्ची आला. रिच्ची इटलीचा, जन्म १५५२ सालचा. त्याच सालीं फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर, मुख्य भूमि समोर दिसत असतां, आंत पाऊल न पडतांच वारला. त्याचें शव पुढें गोव्यास आलें हें आपल्याकडे सर्वश्रुत आहे. रिच्चीहि गोव्यावरूनच गेला. १५७८ त तो गोव्यास उतरला, कोचीन येथें त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि १५८२ त तो मकावला पोंचला. पुढल्या वर्षीं त्यास व रुज्जिएरी या त्याच्या सहकाऱ्यास दक्षिणेकडील चाओछिंग या गांवीं राहण्याची परवानगी मिळाली. दोघांनीं डोकीं मुंडविलीं आणि बौद्ध भिक्षूंचे झगे घातले. घर मात्र दोन मजली, युरोपीय धर्तीचें बांधलें. तेथील अधिकारी वांग पान हा मोठा सौजन्यशील गृहस्थ. त्यानें या घरावर लावण्यासाठीं दोन फलक पाठविले. एकावर 'दिव्य पुष्पाचा मठ' अशा अर्थाचीं अक्षरें होतीं, दुसऱ्यावर 'पश्चिमेकडून आलेली शुद्ध भूमि'. देणाऱ्याचा हेतु उत्तम. परंतु त्या काळच्या चिनी माणसाच्या कानांत धर्माची पवित्र 'पश्चिम' म्हणजे रोम नव्हे, तर हिंदुस्थान. आणि 'शुद्ध भूमि' म्हणजे अमिताभ बुद्धाचें सुखावती भुवन! पाहुण्यांनीं दोन्ही फलक लावून घेतले. इतकेंच नव्हे तर १५८४ त रुज्जिएरीचें जें चिनी धर्मपुस्तक छापलें गेलें त्यावर त्यानें आपला उल्लेख 'हिंदुस्थानचा भिक्षु' असाच केला. गोव्यावरून आलेल्या माणसानें असें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. पण तें खरेंहि नव्हतें.

येथें देशी वेष हा आदराचा नमुना होता कीं गैरसमजाचा फायदा? रिच्चीच्या भक्तांस हा प्रश्न आवडत नाहीं. खुद्द रिच्चीस मात्र त्याची बोंच लागली असावी, कारण १५९५ पासून त्यानें भिक्षूचा झगा टाकला आणि विद्वान् गृहस्थाचा रेशमी पोषाख घेतला. यांत प्रामाणिकपणाचा भाग किती आणि भिक्षूंस अधिकारीवर्गांत मान नव्हता या व्यवहारज्ञानाचा किती, तें आम्ही ठरवूं इच्छीत नाहीं. माणसाचे बरेचसे चांगले निर्णय असे मिश्र धातूचेच असतात. १६०१ त त्यास पेकिंगांत राहण्याची मोकळीक मिळाली, १६०५ त त्यानें तेथें घर घेऊन एक लहान प्रार्थनामंदिर थाटलें. पुढें त्याच जागीं 'नानतांग' म्हणजे 'दक्षिणेचें मंदिर' वाढलें. १६१० त तो वारला तेव्हां त्याच्या दफनासाठीं बादशहानें जमीन दिली.

या काळांतील देवळांविषयीं एक गोष्ट आपल्याकडील स्त्रियांस मनोरंजक वाटेल. चिनी शिष्टाचारांत परपुरुषांबरोबर एका छपराखालीं बसणें कुलीन स्त्रीस अशक्य. म्हणून पाद्र्यांनीं कित्येक गांवीं स्त्रियांसाठीं निराळींच प्रार्थनामंदिरें केलीं. आणि या देवळांना पैसा कोणी पुरविला? रोमनें अर्थातच सगळा नाहीं. शांघायकडील प्रसिद्ध राजमंत्री शु ग्वांगछी याची नात कँडिडा शु ही १६०७ सालीं जन्मली. वैधव्यांत तिनें रेशमी कशिदा आणि कापडाच्या कामांतून पैसा सांठविला आणि त्यांतून ठिकठिकाणीं देवळें बांधविलीं. 'मिशनऱ्यांनीं बांधलेलीं चर्चें' असा शब्दप्रयोग आपण सर्रास करतों, त्यांत ही बाई कोठें बसते? ज्या पाद्र्यानें नकाशा काढला त्याचें नांव बखरींत राहतें. जिच्या सुईनें भिंत उभी राहिली ती फार तर तळटीपेंत जाते. सुदैवानें हिचें चरित्र कूप्ले नांवाच्या पाद्र्यानें लिहून ठेवलें म्हणून आज आपणांस ती माहीत तरी आहे.

मग आला तो विधींचा वाद. पूर्वजांच्या पाट्यांपुढें वांकावें कीं नाहीं, कन्फ्यूशिअसचा सन्मान करावा कीं नाहीं, देवास 'तिएन' म्हणजे 'आकाश' म्हणावें कीं नाहीं, यावर युरोपांतील पंडित शंभर वर्षें भांडले. आमच्या विषयापुरती त्यांतील एकच गोष्ट सांगतों. कांगशी बादशहानें पेकिंगच्या देवळास स्वहस्ताक्षरांत दोन अक्षरें दिलीं होतीं: 'आकाशास पूज्य माना.' त्यांच्या नकला करून त्या गांवोगांवच्या ख्रिस्ती देवळांत लावल्या गेल्या. १६९३ त फूजियान प्रांतांत मेग्रो नांवाच्या फ्रेंच धर्माधिकाऱ्यानें हे फलक खालीं उतरविण्याचा हुकूम काढला; कां, तर भोळ्या लोकांनीं निळें आकाशच देव समजूं नये. पुढें १७०६ त हेच गृहस्थ बादशहापुढें उभे राहिले तेव्हां सिंहासनावरच्या फलकावरील चार अक्षरेंहि त्यांस धड वाचतां आलीं नाहींत. ज्याला अक्षरें वाचतां येत नाहींत त्यानें अक्षरें उतरविण्याचा हुकूम काढावा, याचा बादशहास राग आला तर नवल नाहीं. अखेर रोमनें विधींविरुद्ध निकाल दिला, १७२४ त युंगजेंग बादशहानें धर्मावर बंदी घातली, आणि पेकिंगबाहेरचीं बहुतेक देवळें जप्त होऊन सार्वजनिक कामास लागलीं. रोमनें तो निकाल फिरविला तो १९३९ सालीं. एवढा वेळ लागला याबद्दल टीका पुष्कळ झाली आहे. आम्ही तींत भर घालीत नाहीं.

आतांपर्यंतचा पाहुणा परवानगी घेऊन आलेला होता. अफूच्या युद्धांनंतर आला तो परवानगी वसूल करून. हा फरक दगडांत लगेच दिसूं लागतो. १८६० च्या पेकिंग करारांत एक विलक्षण प्रकार घडला. त्याच्या चिनी मसुद्यांत एक वाक्य असें आहे कीं फ्रेंच मिशनऱ्यांस कोणत्याहि प्रांतांत जमीन भाड्यानें वा विकत घेऊन वाटेल तें बांधतां यावें. फ्रेंच मसुद्यांत हें वाक्य नाहींच! दुभाष्याचें काम करणाऱ्या एका पाद्र्यानें तें घुसडलें असें इतिहासकार मानतात. देवाचें घर बांधण्याचा हक्क असा पदरांत पाडून घ्यावा लागला, यावर त्या घरांत बसून कोणी कधीं प्रवचन केलें असेल काय, असें वेडें कुतूहल आम्हांस वाटतें.

कँटनचें, म्हणजे ग्वांगजौचें, 'पवित्र हृदया'चें कॅथीड्रल या काळचें मुकुटमणि. १८६३ त त्याचा पाया घातला, बांधणी संपली १८८८ त. पंचवीस वर्षें! सबंध इमारत घडीव ग्रॅनाइटची. दोन मनोरे सुमारें अठ्ठावन्न मीटर उंच. लोक त्यास नुसतें 'दगडी घर' म्हणतात. लांकूड आणि कौलें यांच्या त्या शहरांत हें नांव कौतुकाचें कीं भीतीचें, कोण जाणे. पायाजवळ एका बाजूस रोमचें आणि दुसऱ्या बाजूस जेरुसलेमचें नांव कोरलें आहे. पण ज्या जमिनीवर तें उभें आहे तिचें नांव कोठें कोरलेलें नाहीं. ती जागा होती तेथील व्हाइसरॉय ये मिंगछेन याच्या कचेरीची. इंग्रज-फ्रेंच तोफांनीं ती उद्ध्वस्त झाली. ये यास पकडून इंग्रजांनीं कलकत्त्यास आणलें, आणि १८५९ त तो तेथेंच बंदिवासांत मेला. आपल्या देशाच्या भूमीचा या कथेशीं असाहि एक संबंध आहे, आणि तो फारसा भूषणावह नाहीं. तिएन्जिनचा प्रकार याच जातीचा. तेथें एका पूर्वींच्या देवळाच्या जागेवर १८६९ त चर्च बांधलें, आणि त्यास नांव दिलें 'विजयमाता'! विजय कोणाचा, कोणावर, हें तेथील लोकांस समजावून सांगावें लागलें नाहीं. अनाथ मुलांविषयीं अफवा पसरल्या, फ्रेंच कॉन्सलनें पिस्तूल झाडलें, आणि २१ जून १८७० रोजीं जमावानें कॉन्सलसह सुमारें वीस परदेशी मारले. त्यांत दहा निरपराध जोगिणी होत्या. कित्येक चिनी ख्रिस्तीहि मेले. चर्च जाळलें गेलें. तें १८९७ त पुन्हां उठलें, १९०० त पुन्हां जळलें, १९०४ त पुन्हां उठलें.

तेव्हां वाचक म्हणतील कीं झालें, तुमचा निकाल लागलाच; परका घाट तोच अपराध. परंतु येथेंच आम्ही अडतों. तिएन्जिनच्या लोकांस टोकदार कमान डांचली काय? मनोऱ्याच्या उंचीमुळें भूमीचें शुभत्व ढळतें ही समजूत होती खरी, आणि ती मिशनऱ्यांस माहीतहि होती. पण त्याच जागेवर, त्याच तोफांच्या बळानें, त्याच नांवाचें एखादें सुंदर चिनी छपराचें मंदिर उठवलें असतें तर लोकांनीं त्यास हार घातले असते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. राग घाटाचा नव्हता, मिळवण्याच्या रीतीचा होता.

बेईतांगचीच गोष्ट पाहा. त्याची पहिली जागा कांगशीनें आनंदानें दिलेली. १६९३ त फ्रेंच जेसुइटांनीं सिंकोना देऊन त्याचा ताप उतरविला म्हणून. जप्त झालेली ही जागा १८६० नंतर परत मिळाली आणि तेथें असे मनोरे उठले कीं ते राजवाड्यांत डोकावूं लागले. अखेर देवळानें जागा सोडावी असें दरबारानें ठरविलें, तडजोड होऊन १८८८ त हल्लींच्या जागीं तें उभें राहिलें. बारा वर्षांनीं बॉक्सरांचें बंड झालें. १४ जून ते १६ ऑगस्ट १९०० या दोन महिन्यांत त्या गॉथिक भिंतींच्या आड तीन हजारांवर माणसें कोंडलीं गेलीं. रक्षणास फ्रेंच व इटालियन खलाशी होते चाळीस-बेचाळीस. बाकी जवळ जवळ सर्व चिनी. बायका, म्हातारे, अनाथालयांतील मुली. धान्य संपत आलें, सुरुंग उडाले, शेंकडों मेले, त्यांत लहान मुलें पुष्कळ. आंत चिनी, बाहेर चिनी. त्या दिवसांनंतर हें देऊळ फ्रेंचांचें आहे असें म्हणण्याचा धीर आम्हांस होत नाहीं. आणि तरीहि, वेढा उठल्यावर जी नुकसानभरपाई वसूल झाली, देशावर पंचेचाळीस कोटी टेलांचा बोजा आणि शिवाय गांवोगांवच्या निराळ्या वसुल्या, तिच्यांतून जीं देवळें पुन्हां बांधलीं गेलीं तीं बिगरख्रिस्ती शेतकऱ्याच्या दृष्टीनें कोणाचीं म्हणावीं? एकाच भिंतीचीं हीं दोन्ही सत्यें आहेत, आणि एकानें दुसरें पुसत नाहीं.

घाट बदलून ही जखम बरी करावी असें ज्यांस वाटलें त्यांत अग्रगण्य चेल्सो कोस्तांतीनी. १९२२ त हे पोपचे प्रतिनिधि म्हणून चीनमध्यें आले. कलेचे मर्मज्ञ होते, मनानें उदार होते. गॉथिक चर्च चीनमध्यें बांधणें ही रुचीचीच नव्हे तर प्रचाराचीहि चूक आहे, असें त्यांनीं स्पष्ट मांडलें. त्यांच्या प्रेरणेनें ग्रेस्निख्ट नांवाचे बेनेडिक्टाइन साधु वास्तुकार म्हणून आले. पेकिंगच्या फूरेन विद्यापीठाची हिरव्या कौलांची इमारत १९३० त त्यांनीं पुरी केली. प्रॉटेस्टंटांकडे मर्फी नांवाचा अमेरिकन हेंच करीत होता. येनचिंग विद्यापीठाची पाण्याची टांकी त्यानें चक्क पॅगोडाच्या पोटांत लपविली! हांगकांगजवळ टेकडीवर राइखेल्ट या नॉर्वेजियन मिशनऱ्यासाठीं प्रिप-म्योलर या डॅनिश वास्तुकारानें बौद्ध विहाराच्या धर्तीवर आश्रम बांधला. यांतील कित्येक वास्तु मनोहर आहेत, आणि करणारांचा हेतु शुद्ध होता यांत शंका नाहीं.

पण गंमत अशी कीं बऱ्याच चिनी ख्रिस्त्यांस हें रुचलें नाहीं. त्यांचे बापजादे ज्या मूर्तिगृहांतून बाहेर पडले, कांहींनीं त्यासाठीं प्राणहि दिले, त्याच मूर्तिगृहाच्या छपराखालीं आतां परत बसा, असें परदेशी पाहुणे त्यांस सांगत होते. त्यांच्या दृष्टीनें टोकदार कमान हीच चर्चची खूण होती. इकडे एका चिनी वास्तुकारानें कांक्रीटच्या इमारतीवरील या देशी छपराला वेणीची उपमा दिली. मांचू राज्याबरोबर जी कापून टाकली तीच पुन्हां डोक्यावर! शिवाय मोजमापाचीहि अडचण आहे. चिनी देवालयांत लांब बाजूनें, रुंद ओसरीवरून शिरतात. चर्चमध्यें आंखूड बाजूनें शिरून खोल जावें लागतें. छप्पर चिनी केलें तरी चाल पाश्चात्त्यच राहते. या सर्वांहून मोठी गोष्ट ही कीं गॉथिक बांधा म्हणणारा बिशप परदेशी होता आणि देशी बांधा म्हणणाराहि परदेशीच. पहिला चिनी बिशप लो वेनत्साव १६८५ त झाला. त्यानंतर दुसरा व्हावयास १९२६ साल उजाडलें. दोनशें एक्केचाळीस वर्षें! त्या सालीं सहा चिनी बिशपांस रोममध्यें दीक्षा मिळाली आणि त्यांतहि कोस्तांतीनींचाच पुढाकार होता. त्यांच्या हिरव्या कौलांहून हें काम शतपटीनें मोठें, असें आमचें मत आहे.

आपल्याकडे याचा एक चांगला पडताळा मिळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्तास अभंगांत आणि कीर्तनांत आणलें तें कोणा परदेशी मंडळाचा ठराव झाला म्हणून नव्हे; त्यांच्या कानांत तुकोबा घुमत होता म्हणून. आणि गॉथिकचेंच म्हणाल तर मुंबई विद्यापीठाच्या टोकदार कमानींखालीं आम्हीं पदवी घेतली. राजाबाई मनोऱ्याचे टोले ऐकतांना हें परक्याचें घड्याळ आहे असें आमच्या कधीं मनांतहि आलें नाहीं. तो आराखडा लंडनच्या स्कॉटचा. पैसा एका गुजराथी शेटजींचा, नांव त्यांच्या आईचें. आतां तो कोणाचा, हें मुंबईकरास विचारून पाहावें.

चीनमध्यें पुढें चक्र उलटें फिरलें. शांघायच्या शुजियाह्वै भागांत, म्हणजे कँडिडाच्या शु घराण्याच्याच नांवाच्या जागीं, १९१० सालीं पुरें झालेलें सेंट इग्नेशियसचें गॉथिक देऊळ आहे. १९६६ त सांस्कृतिक क्रांतीच्या तरुणांनीं त्याचे मनोरे पाडले. १९८० नंतरच्या दशकांत ते पुन्हां चढविले गेले, आणि या वेळीं ते चढविणारे कोणी मिशनरी नव्हते. अलीकडे दहा-बारा वर्षांत तेथील सरकारनें धर्माचें 'चिनीकरण' हें धोरण मांडलें आहे, आणि देवळांचा घाटहि त्यांत येतो. कोस्तांतीनींनीं जें विनवणीनें मागितलें तेंच आतां हुकुमानें मागितलें जात आहे. शब्द तोच, छप्पर तेंच.

झेजियांग प्रांतांतील वेनजौ शहराजवळ सानच्यांग येथें ख्रिस्ती लोकांनीं वर्गणी काढून, सहा वर्षें खपून, उंच मनोऱ्याचें एक प्रचंड चर्च बांधलें होतें. एकहि परदेशी पाद्री त्यांत नव्हता. परवानगीहून अधिक बांधकाम झालें या कारणास्तव २०१४ च्या वसंतऋतूंत तें पाडण्याचा हुकूम निघाला. तेव्हां आसपासच्या गांवांतून हजारों माणसें आलीं आणि आळीपाळीनें रात्रंदिवस त्या मनोऱ्याभोंवतीं पहारा करीत बसलीं. त्यांत म्हाताऱ्या बायाहि होत्या. एप्रिलच्या अखेरीस यंत्रें आलीं आणि चर्च जमीनदोस्त झालें. पुढल्या दोन वर्षांत त्या प्रांतांतील हजाराहून अधिक देवळांवरचे क्रूस उतरविण्यांत आले. १८७० त जमाव मनोरा जाळण्यासाठीं जमला होता.